हाशाची नाडी

कळंबला आम्ही जिच्या घरात भाड्यानं राहिलो, त्या म्हातारीला सारा गाव भ्यायचा आणि सारा गाव तिच्याच दारात यायचा. कारण एकच. तिच्या परसात हाशा होता. पोराला डांग्या खोकला झाला की त्या हाशाचा काढा पाजायचा, आणि तिनं हाशा द्यायला नाही म्हटलं की ते पोर गेलं असं समजायचं. मी त्या घरात साडेतीन वर्षं काढली. तिचा नकार दारातल्या माणसांना सांगायचं काम माझ्याकडं होतं, आणि एकदा तो नकार माझ्याच पदरात पडला. माझी मुलगी आता स्वतः आजी झालीय, तेव्हा ती वाचली हे उघडच आहे. पण ती कशी वाचली, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. घरात विषय निघाला की मी भाजी निवडायला उठते.

तो काळ निजामाचा. आमचे हे तिथल्या कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचे, घरी येऊन मराठीत भांडायचे आणि दोन्हीकडं पडतं घ्यायचे. बदली होऊन आलो तेव्हा माझ्या कडेवर वर्षाची मुलगी. जागा मिळेना. कुणीतरी सांगितलं की हकीमसाहेब कधीचेच वारले, त्यांच्या बाईच्या घरात पुढच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्या रिकाम्या का आहेत, हे विचारायचं यांना सुचलं नाही. यांना तसं वेळेवर काहीच सुचत नसे. पहिल्या दिवशी मी विहिरीवर गेले, तर एकीनं विचारलं, कुठं उतरलात. मी सांगितलं. ती म्हणाली, "हकीमिणीच्या घरात व्हय? लेकरू खोकत न्हाय ना?" मी म्हटलं, नाही. "मग ऱ्हावा," असं म्हणून तिनं घागर उचलली आणि चालायला लागली.

गाव तिला हकीमीण म्हणायचा. मी अम्मा म्हणायची. उंच बाई, पाठीला बाक नाही. दोन्ही डोळे मोतीबिंदूनं दुधाळ झालेले. उजेड कळायचा, माणूस आकारानं कळायचं, बाकी सगळं ती बोटांनी बघायची. माझ्याशी बोलताना ती माझ्या खांद्यामागं कुठंतरी बघायची आणि मी दहा वेळा मागं वळायची. मागं कुणीच नसायचं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. एक भाचा महिन्यातून एकदा धान्य, तेल टाकून जायचा, तेवढीच तिची माणसं.

तिला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "पूछके सांगते." एकदा आमच्या खोलीची एक तुळई वाकलेली दिसली. मी म्हटलं, अम्मा, आत लहान मूल झोपतं, तेवढी बदलून घ्या. "पूछके सांगते," म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. दार अर्धं उघडं होतं. आत ती हळू आवाजात बोलत होती, मधेच थांबत होती, परत बोलत होती. मला वाटलं भाचा आलाय. बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. म्हणाली, "ते म्हणतात, तुळई अजून दहा वर्षं जात न्हाय. मी म्हटलं लेकरू आहे, तर म्हणतात तू मधी बोलू नको. त्यांचं असंच आहे बेटी, कुणाचं ऐकत न्हायत." ती खरोखर चिडलेली होती. ती न्हायला गेली तेव्हा मी त्या खोलीत डोकावून आले. एक तख्त, कापडात बांधलेली पुस्तकं, औषधं तोलायचा लहान तराजू आणि तख्तापाशी चहाचे दोन पेले. एक रिकामा होता, दुसऱ्यावर साय धरली होती. मी पाय न वाजवता परत आले आणि तुळईचा विषय पुन्हा काढला नाही.

कफनाची गोष्ट तर मी यांना सांगितली तेव्हा हे जेवायचे थांबले. पहिल्याच उन्हाळ्यात एक दिवस परसातल्या दोरीवर पांढरंशुभ्र कापड वाळत घातलेलं. मऊ, एकसारखं विणलेलं. लढाईचे दिवस होते, असं कापड बघायला मिळत नव्हतं. मी हात फिरवला, चांगलं निरखलं, वर म्हटलं, "अम्मा, कुठून आणलं? यात माझ्या मुलीची चार झबली होतील." अम्मा ओट्यावर बसली होती. म्हणाली, "माझं कफन आहे. हकीमसाहेबांनी हजहून आणलेलं. आवडलं तुला?" मी हात काढून घेतला. ती उठली, कापडाच्या घडीत वाळलेल्या हाशाच्या काड्या नीट पसरल्या, कसर लागू नये म्हणून, आणि मला घडीचं दुसरं टोक धरायला लावलं. दोघींनी मिळून ते घडी करून पेटीत ठेवलं. दर वर्षी हे काम माझ्याकडंच आलं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या वर्षी मला त्याचं काही वाटलं नाही.

आता तो हाशा. आपल्याकडं त्याचं झाड कुणी बघितलेलं नसतं. वीतभर उंच, काटकुळ्या देठांचं झुडूप. पानं तिळापेक्षा जरा मोठी, करडी हिरवी. चुरगळली तर ओव्यासारखा वास, पण ओव्याहून कडक, आणि बोटांवरून दोन दिवस जात नाही. हकीमसाहेबांनी त्याची रोपं हैदराबादेहून आणली होती आणि तिथं ती इराणातून आली होती म्हणे. आपल्या काळ्या मातीत ते झाड कुजतं. म्हणून सात फुटक्या रांजणांच्या बुडांत भोकं पाडून, त्यात वाळू, खडे आणि पडक्या भिंतीचा चुना भरून ते लावलेलं. सातही कुंड्या पूर्वेच्या भिंतीला, सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारी सावली पडावी अशा. पाणी चार दिवसांतून एकदा, तोटीच्या बधन्यानं, तेही कुंडीच्या कडेकडेनं, पानांवर थेंब पडू न देता. मी पहिल्या आठवड्यात दया येऊन एका कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं होतं. दोन्ही वेळ तुळशीला पाणी घालणारी मी, मला काय ठाऊक. अम्मानं बोट मातीत खुपसून बघितलं आणि म्हणाली, "पाणी घालून मारतात बेटी. सगळेच मारतात." मला त्या वाक्याची भीती वाटली.

फुलं उमलायच्या आधी, नुसत्या कळ्या धरल्या की ती हाशा कापायची. दव सुकल्यावर आणि ऊन डोक्यावर यायच्या आत. बारक्या कात्रीनं, वरचा शेंडा तेवढा. जुड्या बांधून अंधाऱ्या कोठडीत उलट्या टांगायच्या, वाळल्या की चादरीवर धरून पानं ओरबाडायची आणि बरणीत भरायची. ते वाळलेलं मोठ्या माणसांसाठी. लहान मुलांना मात्र ताजं, ओलं कापूनच द्यायचं, हा हकीमसाहेबांचा नेम. आणि दुसरा नेम असा, की खोकणारं माणूस अंगणात आणायचं नाही. त्यांचा एकुलता मुलगा असाच कुणा रोग्याचा खोकला लागून गेला होता. त्यामुळं पोरांचे आईबाप बाहेर गल्लीत, माझ्या दाराशी थांबायचे. मी आत जाऊन अम्माला सांगायची की कुणाचं तरी लेकरू खोकतंय, अडीच वर्षांचं आहे, चार वर्षांचं आहे. कुणाचं, ते ती विचारायची नाही.

मग ती कुंड्यांपुढं उकिडवी बसायची. डोळे मिटायची. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी उजव्या हाताची दोन बोटं आडवी ठेवायची आणि थांबायची. वैद्य नाडी बघतो तसंच अगदी. मग दुसरं झाड, तिसरं, सातव्यापर्यंत. कधी मधेच थांबून कात्री मागायची, चार शेंडे कापून माझ्या ओंजळीत द्यायची. आणि कधी सातव्या झाडावरून बोटं उचलून, गुडघ्यावर हात टेकत उठायची आणि म्हणायची, "आज नक्को."

ती पोराची नाडी झाडात बघते, हे गावात लहान मुलाला ठाऊक होतं. "आज नक्को" म्हणजे नाडी लागली नाही. दारात उभ्या माणसांना मी नुसतं सांगायची, अम्मा नको म्हणतात. कुणी भांडायचं नाही, कुणी गयावया करायचं नाही. तशीच मागं फिरायची. घरी जाऊन लेकराला खाटेवरून उतरवून भुईवर निजवायची, पै-पाहुण्यांना सांगावा धाडायची, तोंडात गंगा घालायची. पेज, दूध बंद. जाणाऱ्याला कशाला ओढून धरायचं म्हणून. चार-पाच दिवसांत ते जायचं. उस्मानाबादच्या दवाखान्यात न्यायचं कुणाच्या मनात यायचं नाही. म्हातारी नाही म्हणालीय, तिथं डॉक्टर काय करणार? आणि लहान मुलाला तिरडी नसते, वाजंत्री नसते. बाप हातावर घेऊन नदीकडं जातो. रडायलासुद्धा बायका नदीवरच जायच्या. हकीमिणीच्या कानावर रडणं गेलं की ती त्या घरातलं दुसरं मागते, असं म्हणत. मी शाळेत चार इयत्ता शिकलेली बाई. पण दोन वर्षांत मीही हे सगळं धरून चालायला लागले होते, कारण नाही म्हटलेली पोरं जात होती हे मी डोळ्यांनी बघत होते. त्यातून कुणी वाचलंही असेल. वाचलेल्यांची कुणी बातमी आणून देत नाही.

सगळ्यात वाईट होते बत्तासे. कुणाला नकार गेला की पुढच्या शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, अम्मा हमखास ताटलीभर बत्तासे घेऊन माझ्या दारात. चेहरा प्रसन्न. "मुलांना वाट बेटी. शुक्र आहे अल्लाचा." तोवर ते पोर मातीआड झालेलं असायचं. मी ताटली घ्यायची, दार लावायची आणि ते बत्तासे मागच्या भिंतीच्या भोकात मुंग्यांना घालायची. एकदा माझ्या मुलीनं त्यातला एक उचलून तोंडात टाकला, तर मी बोट घालून काढला आणि तिच्या पाठीत धपाटा मारला. बिचारी कितीतरी वेळ रडली.

त्या वर्षी माघापासून खोकल्याची साथ आली. आमच्यापासून चौथं घर कासाराचं. त्याची बायको सोनाबाई, हसरी, बांगड्या भरताना हात दुखू न देणारी. तिचा पाच वर्षांचा मुलगा खोकायला लागला आणि ती माझ्या दारात आली. मी आत गेले. अम्मा सातही झाडं फिरली. "आज नक्को." मी बाहेर येऊन सांगितलं. सोनाबाई एकदाच म्हणाली, "वहिनी, नीट ऐकलं का तुमी?" मी म्हटलं, नीट ऐकलं. सहा दिवसांनी तो गेला. त्या शुक्रवारचे बत्तासे मी कसे हातात घेतले, माझं मला ठाऊक.

होळी झाली आणि माझ्या मुलीला उबळी सुरू झाल्या. तीन वर्षांची होती. खोकता खोकता जीभ बाहेर यायची, ओठ निळे पडायचे, मग तो लांब घुसमटलेला आवाज आणि उलटी. दहा दिवस मी अम्माकडं हाशा मागितला नाही. अडुळसा केला, हळद केली, तुळस केली. हे म्हणायचे, अगं, घरात औषध आहे आणि तू रानोमाळ काय शोधतेस? यांना कळत नव्हतं. मागितलं नाही तोवर ती नाही म्हणू शकत नव्हती. एवढाच माझा आधार होता.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी मागितलं. अम्मा लगेच उठली. तिला माझ्या मुलीचा लळा होता. पहिल्या झाडाशी बसली, दोन बोटं ठेवली. पाचव्या झाडाशी ती जरा जास्त थांबली, सहाव्याशी नाही, सातव्याशी मान हलवली. उठली. माझ्या खांद्यामागं बघत म्हणाली, "आज नक्को, बेटी." आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला निघून गेली.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते. मी घरात गेले. चुलीवर पेज शिजत होती. ती मी उतरवून ठेवली. मुलीची सतरंजी खाटेवरून काढून भुईवर अंथरली आणि तिला तिथं निजवलं. मला कुणी सांगितलं नाही. माझे हातच ते करत होते. निजामाकडं सुट्टी शुक्रवारची, तेव्हा रविवारीही हे कचेरीतूनच आले, बघितलं आणि म्हणाले, गाडी जोडून उस्मानाबादला जाऊ. मी म्हटलं, कशाला लेकराचे हाल करता? जन्मभर ज्यांना मी बावळट म्हणत आले, तो एकटा माणूस त्या दिवशी शहाणा होता. ते सोमवारी गाडी बघायला बाहेर पडले. दुपार झाली. मी भिंतीला टेकून बसले होते, लेक भुईवर. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

एवढंच म्हणाली. कालपासून उपाशी ठेवलेलं माझं लेकरू मला जेवायला मागत होतं आणि मी त्याच्या मरणाची वाट बघत बसले होते. मी उठले, पेज चुलीवर चढवली, विळा घेतला आणि परसात गेले. अम्मा आत नमाजाला उभी होती. भर उन्हात त्या सात कुंड्या भिंतीला लागून होत्या आणि वारा नसताना हाशाचा वास एवढा दाटला होता की मला ठसका लागला. मी पाचवी कुंडी धरली आणि झाड मूठभर घेऊन विळ्यानं तळाशी कापलं. पार लाकडापर्यंत. मग काढा, मध, आणि दोन पळ्या पेज. गाडी मिळायच्या आत तिचा डोळा लागला, आणि उस्मानाबादला जायचं राहून गेलं. बुधवारी उबळी निम्म्यावर आल्या. हाशानं की पेजेनं, देव जाणे.

गुरुवारी कुंड्यांना पाणी घालायचा दिवस. अम्मा बधना घेऊन फिरत फिरत पाचव्या कुंडीशी आली आणि तिचा हात खुंटांवर थांबला. तिनं मला हाक मारली. मी गेले ते मरायचं ठरवूनच गेले म्हणा ना. विचारलं, कुणी कापलं. मी म्हटलं, मी.

"लाकडापर्यंत कापलंस," ती म्हणाली. "हे आता फुटत न्हाय. लेकरू कसं आहे?"

"बरं आहे. खातंय."

"शुक्र. पण घाई कशाला केलीस? उद्या जुम्मा. उद्या मी देणारच होते."

मला काही कळेना. मी म्हटलं, अम्मा, तुम्ही तर नाही म्हणालात. ती म्हणाली, नाही कुठं म्हटलं, आज नक्को म्हटलं. आणि मग तिनं मला शिकवायला घ्यावं तसं खाली बसवलं, माझी दोन बोटं धरून शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी आडवी ठेवली. बोटांच्या वर शेंडा आणि बोटांच्या खाली हिरवं असेल तरच कापायचं. खाली हिरवं नसेल तर झाड मरतं. नसेल त्या दिवशी सांगायचं, आज नको, जुम्म्याला या. तेवढ्यात नवं पालवतं. हकीमसाहेबांच्या वेळेपासून हेच चालत आलेलं. "जुम्म्याचं काय सांगायचं? सारा गाव जाणतो," ती म्हणाली.

गाव जाणत नव्हता. ज्यांना ते ठाऊक होतं ती माणसं हकीमसाहेबांबरोबरच सरली होती. मी विचारलं, "मग जुम्म्याला कधी कुणी आलं का, अम्मा?"

"न्हाय आले. न्हाय आले म्हणजे बरे झाले. दुखणं सरल्यावर हकीमाचं दार कुणाला आठवतंय? बरे झाले म्हणून तर मी बत्तासे वाटायची. तुझ्याच हातानं वाटायची की."

तिला माझा चेहरा दिसत नव्हता, पण मी गप्प बसले ते तिला ऐकू आलं. "बरे झाले ना, बेटी?" असं तिनं दोनदा विचारलं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. नाडीचं, भुईवर निजवायचं, पेज बंद करायचं, नदीवर जाऊन रडायचं. मीही पेज उतरवली होती, तेही सांगितलं. ती म्हणाली, नावं सांग. माझ्या हातून गेलेले निरोप नऊ होते. मी एकेक नाव घेतलं आणि ती प्रत्येक नाव माझ्यामागून पुटपुटत गेली. शेवटी कासाराचा मुलगा.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू माझ्या घरात ऱ्हातेस. मला सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मी तर झाडाला हात लावायची बेटी. माणसाला मी कधी हात लावलाच न्हाय."

ती उठून मागच्या खोलीत गेली. नेहमीसारखं हळू बोलणं ऐकू आलं, मग थांबलं. पुन्हा काही बोलली, पुन्हा थांबली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा भिंत धरून चालत होती. म्हणाली, "ते बोलत न्हायत."

मग तिनं कात्री मागितली. उरलेल्या सहाही कुंड्यांपुढं बसली आणि एकदाही बोटं आडवी न ठेवता सगळा हाशा मुळापासून कापला. मोठी जुडी झाली. मला विचारलं, गावात आता कुणाचं लेकरू खोकतंय. मी म्हटलं, सोनाबाईची धाकटी, कालपासून. तिनं पेटीतून बुरखा काढला, घडीवर पिवळे पट्टे पडलेला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तेरा वर्षांनी उंबरा ओलांडला. दुपारचे बारा वाजले असतील. गल्लीत बायका धान्य पाखडत होत्या, पोरं खेळत होती. आम्ही दिसलो तसा आवाज थांबला. एक बाई आपलं पोर बखोटीला धरून आत ओढत होती, सूप दारातच टाकून. पुढची दारं आम्ही पोचायच्या आधीच लागत गेली. चार घरांचं अंतर, पण मला ते सरता सरेना. माझा खांदा धरून ती विचारत होती, "माणसं कुठं गेली?"

कासाराचं दारही लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी हाक मारली. सोनाबाई आतून म्हणाली, "आमच्यात कुणी आजारी न्हाय, अम्मा. तुमी जावा." तेवढ्यात आत खोकल्याची उबळ उठली आणि मधेच दबली. तोंडावर पदर धरला असणार. मी दारावर हात आपटून सगळं ओरडून सांगितलं, की ते खोटं आहे, नाडी वगैरे काही नाही, पोरीला खाऊ घाल, हा हाशा घे, अम्मा द्यायला आलीय. मग सोनाबाईचा आवाज अगदी दाराला लागून आला.

"तुमची वाचली न्हवं वहिनी? मग गप ऱ्हावा. तुमच्यावरलं आणून आमच्या दारात सोडलं व्हय तुमी?"

अम्मा पायरीवर बसली. तिनं दाराच्या फळीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "मी न्यायला न्हाय आले गं. द्यायला आले." उन्हात कितीतरी वेळ बसली. शेवटी जुडी तिथंच पायरीवर ठेवून आम्ही परत आलो. ती जुडी तिथंच वाळली. झाडणारी बाईसुद्धा तेवढी पायरी सोडून झाडायची. यांनी कासाराला बाजारात गाठून सांगून बघितलं, तर तो यांच्या पाया पडला आणि म्हणाला, रावसाहेब, आमच्यावर एवढी मेहेरबानी करा, आमच्या दारात येऊ नका.

पुढच्या बुधवारी सकाळी मी खिडकीतून बघितलं. कासार हातावर पांढऱ्यात गुंडाळलेलं घेऊन नदीकडं चालला होता. मागं दोन माणसं.

शुक्रवारी नमाज झाल्यावर अम्मा माझ्या दारात येऊन उभी राहिली. हात रिकामे होते. म्हणाली, "बेटी, दोन दिवस झाले, कासारणीच्या घरातलं खोकणं ऐकू येत न्हाय. लेक बरी झाली का?"

माझी मुलगी माझ्यामागं चिंधीच्या बाहुलीला जेवू घालत बसली होती. मी म्हटलं, "हो अम्मा. बरी झाली."